धोंडूबाईच्या धवल्यातला राकस

दापोड्यात हळद लागते ती धोंडूबाई धवलारणीच्या गळ्यानं. तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायला की नवरा नवरा होतो, भटजी मागाहून. तिच्या धवल्यात नवरा नेहमी रामच असतो, मग गोदामवाल्याचा असो की रिक्षावाल्याचा.

चार वर्षांपूर्वी दीपेशला तिनं असंच राम म्हटलं होतं. वर्ष भरायच्या आत त्याच्या बायकोला, मृणालीला, शेवटची आंघोळ घालायलाही तीच गेली. जिन्यावरून पडली, असं घरचे म्हणाले. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, बक्कल कातडीत उमटलेलं, डाव्या हाताची बोटं मोडलेली. धोंडूबाईनं ते सगळं कोमट पाण्यानं धुतलं, हिरवी साडी नेसवली, आणि गप्प राहिली.

आज दीपेशची दुसरी हळद. नवरी पडघ्याची उन्नती, एकोणिसाची. दोघांचे पाट एकाच मांडवात. धोंडूबाई पाटाशी तांदळाच्या पिठाचा चौक भरत होती, तेव्हा उन्नती तिच्या कानाशी लागली, माझा धवला जरा लांबवून गा गो आये, म्हणाली. पदराखालून तिची बोटं दिसत होती, हळदीच्या कोंबासारखी.

धोंडूबाईनं सूर लावला.

"केलीचे खांबाला बांधिली गो डोर,
पाटावर बैसली चांदाची कोर,
मांडवाचे दारी कोन गो आयलाय?"

पुढचं नाव तिनं घ्यायचं, बायकांनी झेलायचं. नाव येईना. तिनं पुन्हा विचारलं, कोन गो आयलाय? मग खालच्या सुरात गायली, "राकस आयलाय."

बायका खिदळल्या. व्याह्यांना गाण्यातून शिव्या पडतातच. दीपेशची आई गुणाबाई म्हणाली, म्हातारीला सकाळीच ताडी चढली.

"थट्टा न्हाय," धोंडूबाई बोलली. "मृणालीला मी न्हाणलीय. तिची पाठ बगितलीय."

दीपेशची पहिली लाथ छातीत बसली. ती चौकावर कोसळली. हळद कुटायचं मुसळ त्यानं उचललं आणि तिच्या मनगटावर घातलं. वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज आला. त्याचा काका म्हणाला, तोंडावर नको, व्हिडिओ चाललाय.

"राम म्हन," दीपेश म्हणाला.

"राकस."

मुसळ खांद्यावर पडलं, मग बरगडीवर. पांढऱ्या पिठात रक्त रेषारेषांनी पसरलं.

"म्हन राम."

ओठ फुटले होते. तरी ती तेच म्हणाली, अंगाईसारखं हळू.

उन्नती पाटावरून उठली. चौकात बसून तिनं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या तोंडातलं रक्त पदरानं पुसलं. मुसळ तिच्याही डोक्यावर उगारलं गेलं. तिनं दीपेशकडे पाहिलं आणि तोच धवला उचलला,

"मांडवाचे दारी कोन गो आयलाय?"

मग मागून तिची आई हौसा उभी राहिली. आधी तिचा एकटीचा, मग पडघ्याच्या साऱ्या बायकांचा आवाज आला,

"राकस आयलाय."