दुफिए का वाळत चालली

दुफिए रोज पहाटे सहा किलोमीटर चालते, हे मांपोंगमध्ये फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी गावाला वाटायचं की ती प्रार्थनेला जाते. ही थाप तिनं स्वतःच मारली होती आणि त्याला तसंच कारण होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला साखर निघाली म्हणून सांगितलं तेव्हा दुफिएचं वजन एकशे अठरा किलो होतं. वय त्रेपन्न, बाजारात कापडाचं मोठं दुकान. दिवसभर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची आणि उठायची वेळ आली की शेजारणीचा हात मागायचा, असा तिचा दिवस. बाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण चालावंही लागेल. महिनाभर नाही, जन्मभर." दुफिए दुसऱ्याच पहाटे निघाली. पण आमच्याकडे चांगल्या घरची बाई पायी दिसली की ओळखीचा माणूस गाडी थांबवतोच, आणि नाही म्हटलं तर तो दुखावतो. पहिल्या आठवड्यात तिला चौघांनी अर्ध्या वाटेवरून उचलून घरी आणून सोडलं. पाचव्याला ती म्हणाली, "देवाला शब्द दिलाय, प्रार्थनेला पायीच जाईन." देवाचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार?

साखरेचं मात्र तिनं कुणालाच कळू दिलं नाही. तिची थोरली बहीण फ्रेमा साखरेनंच गेली होती. म्हणजे खरं तर साखरेनं नाही. घरच्यांनी तिच्या गोळ्या फेकून दिल्या, तिला प्रार्थनेनं दुखणं घालवणाऱ्या छावणीवर नेलं, उपास करायला लावले आणि नवव्या दिवशी तिला परत आणलं ते पेटीतून. हे ठरवलं होतं असियेदू मामांनी. मामा म्हणजे आईचा भाऊ, घराण्याचा कर्ता, त्यांच्या शब्दापुढं कुणाचं काही चालत नाही. आपलं दुखणं त्यांच्या कानावर गेलं तर गोळ्याही जातील, चालणंही जाईल आणि मग आपणही जाऊ, असं दुफिएच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून तिनं नवऱ्याला, अग्येकुमला, बायबलवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती.

तो शिंपी, अबोल माणूस. "बरं," एवढंच म्हणाला. पुढं अकरा महिने तिच्या चालण्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. याला आवडत नसावं, असं दुफिएला वाटायचं, आणि ते तिला लागायचंही.

चालणं काही सोपं नव्हतं हो. पहिल्या दिवशी तिसऱ्या विजेच्या खांबापाशी ती खाली बसली आणि उठता येईना म्हणून रडली. मांड्या घासून सोलवटायच्या, रात्री त्यांना लोणी चोपडायचं. डिसेंबरात उत्तरेच्या वाऱ्याबरोबर धूळ आली तेव्हा तोंडाला फडकं बांधून गेली. मेमध्ये पाऊस होता तेव्हा छत्री घेऊन गेली. वजन करायला सारखं दवाखान्यात जायची सोय नव्हती, लोकांनी पाहिलं असतं. म्हणून कोकोच्या गोदामातल्या काट्यावर उभी राहायची. तिथला कारकून दर वेळी म्हणायचा, "मावशी, पोतं तेवढं दिसत नाही." फेब्रुवारीपासून मेपर्यंत काटा एकशे एकवर जो अडून बसला तो हलेना. त्या दिवसांत रोज पहाटे अंथरुणात ती स्वतःशी भांडायची, आज नको, काय उपयोग, आणि भांडता भांडता बूट चढवून बाहेर पडायची. तीन किलोमीटरवरच्या कॉलेजच्या फाटकाला हात लावायचा आणि परत फिरायचं. मेअखेर काटा हलला. ऑक्टोबरात त्र्याण्णव.

आता त्र्याण्णव म्हणजे काही काडी नव्हे. पण आमच्याकडे बाई भरली की नवऱ्याचं नाव होतं, आणि वाळली की त्याचं नाक कापलं जातं. गावानं आपलं गणित मांडलं. बाई पहाटे रोज देवाकडं धावते आणि दिवसेंदिवस वाळते, म्हणजे घरात नवरा छळतोय. झाडाखाली सोंगट्या खेळणारे अग्येकुमला म्हणायचे, "काय रे, मासळी सुकवतात तशी बायको सुकवतोयस होय?" तो सोंगटी पुढं सरकवायचा.

शेवटी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, असियेदू मामा आले. सोबत पोमा मावशी आणि दोन म्हातारे. ओसरीत खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, पाणी पिऊन झाल्यावर अग्येकुमनं रीतीप्रमाणे येण्याचं कारण विचारलं. कर्त्यानं अशा वेळी थेट बोलायचं नसतं, मध्ये एक तोंड लागतं. ते तोंड पोमा मावशीचं होतं.

मामा छपराकडे बघत म्हणाले, "पोमा, जावईबापूंना सांग, आम्ही भरल्या अंगाची पोर दिली होती. आता तिचे कपडे तिच्या अंगावर लोंबतात."

हातभर अंतरावर बसलेल्या अग्येकुमकडे वळून मावशी म्हणाली, "ऐकलंत ना जावईबापू? भरली पोर दिली होती. आता आमची शेळी बरी तिच्यापेक्षा!"

"शेळीचं मी बोललो नाही," मामा म्हणाले.

"तेवढं मी पदरचं घातलं."

म्हातारे हसले. मामा हसले नाहीत. "विचार त्यांना, पोरीच्या पोटाला घालत नाहीत की मारतात? की दुसरी कुणी ठेवलीय?"

मावशीनं विचारलं. अग्येकुमनं आधी दुफिएकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी तिची काळजी घेतली नाही. दंड काय तो सांगा."

दुफिएला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पंचवीस वर्षांत या माणसानं तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

"दारूच्या दोन बाटल्या आणि एक मेंढा," मामांनी पोमाला सांगितलं. "आणि पोरीला आम्ही आजच घेऊन जातो. सहा महिने माझ्या घरी राहील. तिन्ही त्रिकाळ कंद कुटून केलेला फुफूचा गोळा आणि पामफळांचं सूप. पहाटे उठायचं नाही, पाय घराबाहेर टाकायचा नाही. अंग भरलं की बघू, परत पाठवायची की नाही ते."

"कबूल," अग्येकुम म्हणाला. घेतलेली शपथ तो मोडणार नव्हता, बायको गेली तरी.

दुफिए उठली. मध्यस्थाला ओलांडून तिनं मामांसमोर गुडघे टेकले. "मामा, माझ्याशी बोला."

"अगं, माझ्यामार्फत बोल ना!" मावशी दचकली.

"नको मावशी. तुझ्या तोंडातून गेलं की दुप्पट होतं." तिनं मामांकडं पाहिलं. "यांनी काही केलं नाही. हे खोटं बोलतायत, कारण मीच तोंड बांधलंय त्यांचं. मी प्रार्थनेला जात नाही, चालायला जाते. मला साखर आहे. फ्रेमाला होती तीच."

पोमा मावशी अर्धवट उठली. "देवा रे! अहो, मग उद्याच छावणीवर..."

"मी येणार नाही," दुफिए म्हणाली. "मामा, फ्रेमाच्या गोळ्या तुम्ही फेकल्यात. तिला जगवायलाच फेकल्यात, मला माहीत आहे. तुमच्याइतकी माया तिच्यावर बापानंही केली नाही. पण ती गेली. मला नाही जायचं. मी पंचवीस किलो उतरवलेत, एकेक करून. माझी साखर अर्ध्यावर आलीय. मला उचलून न्यायचं असेल तर न्या, पण वाटेत उतरून मी चालायला लागेन."

असियेदू मामा पंच्याहत्तरीचे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पोमाकडं ते वळलेच नाहीत.

"ती पाणी मागत होती," ते दुफिएला म्हणाले. "शेवटच्या रात्री. उपास मोडेल म्हणून मी दिलं नाही. आठ वर्षं झाली. हे मी कुणाला बोललो नाही."

दुफिएनं त्यांचे गुडघे धरले. ती फ्रेमासाठी रडली, आणि या म्हाताऱ्यासाठीही, ज्याच्यावर तिनं इतकी वर्षं मनातून दात धरला होता.

तिला उठवून शेजारी बसवत मामांनी विचारलं, "किती चालतेस?"

"कॉलेजच्या फाटकापर्यंत. आणि परत."

"दमतेस?"

"आता नाही."

"मग चाल," मामा म्हणाले. "आणि खोटं सांगू नको. कुणी गाडी थांबवली तर सांग, असियेदूनं पायी जायला सांगितलंय." टोपी डोक्यावर घालून ते पोमाकडं वळले. "जावईबापूंना सांग, मेंढा माफ. थोरांसमोर खोटं बोलले, त्याची एक बाटली घेणार."

निघताना टॅक्सीपाशी पोमा मावशीनं दुफिएला कवेत घेतलं. मग ती ओशाळून हळूच म्हणाली, "नवऱ्याची माफी माग गं आमच्या वतीनं. ऑगस्टात आत्याच्या मयताला तू आत बायकांत होतीस. बाहेर आम्ही त्याला खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही. दिवसभर उन्हात उभा होता बिचारा. सगळ्यांनी तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं."

टॅक्सी गेली. अग्येकुम ओसरीतल्या खुर्च्या उचलून आत ठेवत होता. दुफिए दारातच उभी राहिली.

"मयताहून आल्यावर मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, सगळं नीट पार पडलं, पोटभर जेवलो."

"हं."

"अहो, इतकं सोसलंत, मला एका शब्दानं का नाही सांगितलं?"

अग्येकुमनं हातातली खुर्ची खाली ठेवली.

"सांगितलं असतं तर तू चालायची थांबली असतीस," तो म्हणाला.