आधी जागा सांगा, मग औषध

तातडीच्या कक्षात कोपऱ्यातल्या खाटेशी आवाज चढला होता. तो चढवणारा माणूस पोटापाण्यासाठीही ओरडायचाच. लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. खाटेवर त्याची आई होती, सिनेमागृहात तिकीट खिडकीवर बसणारी. साखर भलतीच वर गेली होती, रक्तात आम्ल साचलं होतं, आणि धावत आल्यासारखी ती धापा टाकत होती.

"पांढऱ्या पेशी दुप्पट झाल्यात असं तुम्हीच म्हणालात ना?" मुलगा म्हणाला. "म्हणजे आत जंतू आहेत. मग अँटिबायोटिक लावायला मुहूर्त बघताय का?"

"साखर अशी बिघडली की जंतू नसले तरी पेशी वाढतात," तरुण डॉक्टर म्हणाला. "सलाइन चालू आहे, इन्सुलिन चालू आहे. ताप नाही. छाती साफ, लघवी साफ. पाय मी स्वतः बघितले, बोटांच्या बेचक्यांसकट. आमच्या मॅडमचा नियम आहे, आधी जागा सांगा, मग औषध. जंतू कुठे आहेत ते सांगता आलं पाहिजे."

"तुमच्या मॅडमची आई आहे का ही?"

नियम वाईट नव्हता. पूर्वी इथे पेशी वाढलेल्या दिसल्या की जबर औषध टोचलं जायचं आणि मागाहून कळायचं, रोग्याचं नुसतं इन्सुलिन चुकलं होतं. एका पोरीचं अंग अशाच बिनकामाच्या औषधानं भाजल्यासारखं सोललं होतं. ते टोचणाऱ्या डॉक्टरला मॅडमनी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. तो डॉक्टर हाच.

"इन्सुलिन चुकलं होतं का?" त्यानं विचारलं, मुलाला.

"अजिबात नाही. मी समोर उभा राहून घ्यायला लावतो."

"जेवण?"

"जेवण! गोड बिस्किटांचा डबा मी फेकून दिला, तेव्हापासून बाईसाहेब रुसल्यात. माझ्या टेबलाला शिवत नाहीत. ओट्यापाशी उभ्यानं दोन घास. टीव्हीसुद्धा उभ्यानं बघतात. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही."

आईनं ओठ हलवले.

"आई, तू पडून राहा. मी सांगतोय ना."

डॉक्टर हसला. त्यालाही घरी आई होती.

सलाइनच्या बाटल्या बदलल्या. साखर जरा उतरली, पण नाडी आणखी पळू लागली आणि रक्तदाब घसरला. मॅडम आल्या तेव्हा मुलगा त्यांच्यावर धावून गेला. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेल्या घासांसकट, आणि डॉक्टरकडे वळल्या.

"जागा सापडली नाही, की शोधली नाही?"

"सगळं बघितलं, मॅडम."

"कमरेखाली? मागून?"

"कुशीवर वळायला नको म्हणाल्या. धाप लागलेली, म्हणून मी जोर केला नाही."

"नको का म्हणाल्या?"

मॅडम खाटेवर वाकल्या. "मावशी, कुठं दुखतंय?"

"तिला ना, आधीपासूनच..." मुलानं सुरुवात केली.

"तुम्हाला विचारलं का मी?"

आईनं डोळे उघडले. "ह्याला... बाहेर काढा. त्या दुसऱ्यालाही."

पडदा ओढला गेला. दोघे पुरुष बाहेर, एकमेकांकडे न बघता. आतून आवाज आला, तुटक, पण अख्ख्या कक्षाला ऐकू जाईल असा. "रुसले म्हणे! ढुंगणाला एवढं गळू... तुझ्या खुर्चीत बसू कशी? आणि सांगू कुणाला? तुला?"

मग ती कळवळली.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली होता, आणि ते जास्त भीतीदायक होतं. "मांडीपर्यंत सूज आहे. कातडी काळी पडायला लागलीय. जंतूंच्या कल्चरसाठी रक्त काढा आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करा. रिपोर्टची वाट बघायची नाही. सर्जनला बोलवा, हे कापूनच काढावं लागणार."

"ताप नव्हता, मॅडम..."

"अशा रोग्याचं अंग जंतू असूनही थंड राहतं. शिकवलंय मी तुम्हाला. तो नियम शोधायला लावण्यासाठी होता. तुम्ही त्याच्या आड लपलात."

मुलानं डॉक्टरची कॉलर धरली. "हिला काही झालं ना..."

"त्याला सोड," पडद्याआडून आई म्हणाली. "तो आज भेटला. तू घरात होतास."

कॉलर सुटली. डॉक्टरनं स्वतःच्या हातानं औषध जोडलं. ते नळीतून उतरू लागलं.

सर्जन आला, पडद्याआड जाऊन बघून आला. जगण्याची खात्री देत नाही, म्हणाला, आणि सवयीनं मुलाकडे वळला. "कधीपासून आहे हे? आणि ऑपरेशनला तयार आहात ना?"

मुलानं पडद्याकडे बघितलं. मग तो असा ओरडला की सर्जन एक पाऊल मागे सरला.

"मला काय विचारता? ती शुद्धीवर आहे, तिला विचारा!"

पडद्याआड धाप क्षणभर थांबल्यासारखी झाली.

"या इकडे," आई सर्जनला म्हणाली. "सांगते."