सरांचा आवडता प्रश्न

सरांनी आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी पोरांना एकच प्रश्न टाकला. एका निरपराध माणसाला आत ठेवून बाकीचे सगळे सुटत असतील, तर राज्यकर्त्यानं काय करावं? कुणी न्यायाचं नाव काढलं की सर हसायचे. "न्याय घरी ठेवून या. हात न मळवता राज्य चालत नाही." शेवटच्या बाकावर त्यांची लेक बसायची. तिलाही एकदा भर वर्गात हसले होते.

आता ती लेक गृहमंत्री होती आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ तुरुंगात. कारखान्याचा संप त्यानं चालवला, एवढाच काय तो गुन्हा. दमा जुना, त्यात कोठडीला ओल. बाकीचे संपवाले सकाळी सुटले, हा नाही. त्याच्या आईनं अन्नपाणी टाकलं आणि सरांना लेकीकडे पिटाळलं. "बाप म्हणून जा, मास्तर म्हणून नको."

लेकीनं शिपायाला बाहेर पाठवलं, दार स्वतः लावलं.

"सरकारातला दुसरा पक्ष अडून बसलाय, बाबा. संपाचा पुढारी आत राहिला तरच बाकीचे बाहेर राहणार. नाहीतर सरकार पाडतील आणि सगळे परत आत."

"अगं, पण पुढारी म्हणजे आपला…"

"मग काय, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?" तिचे डोळे सुजले होते. टेबलावर भावाच्या सुटकेचा हुकूम होता, टाइप केलेला, सहीविना. तिनं पेनचं टोपण काढलं. "तुमच्या प्रश्नाला तुमचंच उत्तर दिलंय. तुम्ही फक्त चूक म्हणा. एकदाच म्हणा, बाबा. मी सही करते, मग होऊ दे काय व्हायचं ते."

सरांना सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी पाहिलेल्या बायका आठवल्या, सुटलेल्या नवऱ्यांच्या शर्टाला धरून चालणाऱ्या. पोराची धापही आठवली. मेलं ते ज्ञान, ऐन वेळी बापाच्या नरड्यावर बसलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

लेकीनं टोपण लावलं आणि टेबलावर डोकं टेकून रडली.

घरी बायको दारातच उभी. "काय म्हणाली?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"नाही म्हणाली," सर म्हणाले.

"मग माझ्यापुरती ती मेली." भिंतीवरचा लेकीचा फोटो काढायला तिनं स्टूल मागितलं. सरांनी ते आणून दिलं, आणि डगमगू नये म्हणून धरून उभे राहिले.