चौघांचा रंग

पाच महिन्यांत अकरा रुग्णांपैकी सात जणांची त्वचा काळवंडली. चौघांची काळवंडली नाही.

अकराही जण कॉटन ग्रीनच्या एकाच केंद्रातून औषध नेत होते. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षयरोग त्यांना झालेला होता. नऊ महिन्यांच्या उपचारात सहा प्रकारच्या गोळ्या आणि एक तांबूस कॅप्सूल असे. ह्या कॅप्सूलने दोन-तीन महिन्यांत त्वचा काळवंडते आणि उपचार संपल्यावर हळूहळू पूर्ववत होते. एखादा रुग्ण त्यातून सुटला असता तर मी तो योगायोग मानला असता. चार जण सुटणे संभवत नव्हते.

केंद्र चर्चच्या सभागृहात भरे. परिसरातील चर्च, मशीद, देऊळ आणि बुद्धविहार यांची संयुक्त समिती ते चालवी. मी समितीचा सल्लागार होतो: परळच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नास्तिक. ह्यातील शेवटची पात्रता समितीने मागितलेली नव्हती.

चौघांपैकी मनवा चोवीस वर्षांची होती. तिसऱ्या महिन्यात तिच्या थुंकीत जंतू नव्हते. चौथ्या महिन्याच्या तपासणीत ते पुन्हा वाढले. एक औषध कमी पडले की उरलेल्या औषधांनाही जंतू सरावू लागतात. तिचे उजवे फुप्फुस आधीच निम्मे निकामी होते. उपचार करणाऱ्या डॉक्टर मला फोनवर म्हणाल्या, "ही औषधं हरली, तर हिच्यासाठी माझ्याकडे फारसं काही उरत नाही."

त्यानंतर मला नीट झोप लागेना. मी कॅप्सूलचा साठा तपासला. अकराही जणांना एकाच खेपेतील माल मिळाला होता. वजन, वय, मधुमेह हे रकाने ताडून पाहिले. काही जुळले नाही. औषधवाटप सांभाळणाऱ्या सिस्टर आग्नेला स्वतः दर सोमवारी रुग्णांना आठवड्याचे औषध देत आणि रिकाम्या स्ट्रिप परत घेत. चौघांच्या स्ट्रिप रिकाम्याच आल्या होत्या.

"सर, एक बोलू?" सिस्टर म्हणाल्या. "ते चौघंही हिंदू आहेत. आणि आपल्याकडे हिंदू तेवढेच आहेत."

नोंदवहीत धर्माचा रकाना नव्हता. जंतूंना धर्म नसतो, असे सांगून तो मीच गाळायला लावला होता.

मी मनवाच्या घरी गेलो. रंगासाठीच ती कॅप्सूल टाळत असेल, असा माझा तर्क होता. तिची आई बकुळा तांदूळ निवडत बसली होती.

"लग्नाचं बघताय का हिच्या?" मी विचारले.

मनवा हसली आणि खोकली. "बघत होते, सर. टीबी ऐकून तो मुलगा पायऱ्या न मोजता खाली उतरला. आता काळी काय नि गोरी काय, बघणारं कोण आहे?"

"मग तांबडी कॅप्सूल का घेत नाहीस?"

बकुळाने सूप बाजूला ठेवले, माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे उघडला. आत कॅप्सूल होत्या. मी मोजल्या: एकशे त्रेचाळीस.

"कचऱ्यात कशा टाकणार?" ती म्हणाली. "गाईचं आहे ते. चौपाटीवर नेऊन विसर्जन करायचं ठरवलंय आम्ही सगळ्यांनी."

"गाईचं? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. बोर्डावर लावलंत ना."

फलक मला आठवला. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, रमजानच्या तोंडावर, मशिदीचे मौलाना जलील यांनी समितीत विचारले होते की कॅप्सूलचे आवरण कशाचे असते. मी कंपनीला पत्र लिहिले. गुरांच्या हाडांपासून केलेल्या जिलेटिनचे, असे उत्तर आले. जीव वाचवण्यासाठी हे औषध घेण्यास हरकत नाही, असा निर्वाळा मौलानांनी दिला आणि आपल्या रुग्णांना तो समजावून सांगितला. आवरणाबद्दलची माहिती मात्र सर्वांना पूर्ण आणि खरी मिळाली पाहिजे, असा आग्रह धरून मी ती मराठीत फलकावर लावली.

"मला विचारायचं होतंत," मी म्हणालो.

"तुम्हाला?" बकुळा म्हणाली. "तुम्ही हसला असता. मौलानांनी त्यांच्या माणसांना चालतं म्हणून सांगितलं. आम्हाला कोण सांगणार होतं?"

"सहा गोळ्या घेतेच आहे ना, सर," मनवा म्हणाली. "एक नाही घेतली तर काय होतंय, असं वाटलं."

काय होते, ते मी तिला सांगितले. तिने जंतूंविषयी एकही प्रश्न विचारला नाही. एवढेच म्हणाली, "मरायचं नाहीये मला. पण तेही खाता येत नाही."

मी डॉक्टरांना फोन केला. कॅप्सूल आजच सुरू करा आणि थुंकी नव्याने तपासायला पाठवा, असे त्या म्हणाल्या. मग मी देवळात गेलो. तिथले पुजारी कुशाबा गुरव समितीचे सुरुवातीपासूनचे सदस्य होते.

"मौलानांना शेजारी बसवून, चहा पाजून विचारलंत," ते म्हणाले. "मला नारळ फोडायच्या वेळी बोलावलंत. असो, चला."

ते मनवासमोर चटईवर बसले. डब्याकडे त्यांनी पाहिले नाही. त्या दिवसाच्या स्ट्रिपमधली कॅप्सूल काढून तिच्या हातावर ठेवली.

"औषधाला विटाळ नसतो, बाय. पाप असलंच तर माझ्या माथ्यावर."

"लिहून द्याल, गुरवकाका?"

"आधी गीळ. मग सही देतो."

तिने डोळे मिटले, पाण्याबरोबर कॅप्सूल घेतली आणि बराच वेळ गळ्यावर हात धरून बसली. बकुळा तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मीही.

उरलेल्या तिघांकडे आम्ही दोघे त्याच दिवशी गेलो. तिन्ही घरांत कारण तेच निघाले. मनवाच्या नव्या तपासणीचा अहवाल यायला सहा आठवडे आहेत. मधल्या काळात जंतू सरावले की नाही, हे त्याआधी कोणालाच सांगता येणार नाही.

समितीच्या नोंदवहीत मी कारण लिहिले आहे. चार रुग्णांनी सुमारे पाच महिने कॅप्सूल घेतली नाही, कारण तिचे आवरण गुरांच्या हाडांचे असल्याची सूचना मी लावली आणि ती घेण्यास हरकत नाही, असे ते ज्याचे ऐकतील अशा माणसाकडून वदवून घेतले नाही. मुसलमान रुग्णांच्या श्रद्धेची चौकशी केली. हिंदू रुग्णांच्या श्रद्धेची केली नाही, कारण मी स्वतः त्या धर्मात जन्मून तो सोडलेला होता आणि त्यांनीही तो तेवढाच सोडला असेल असे गृहीत धरले होते.