तिघांनाही सारखंच लांब

बाबांच्या दोन्ही किडन्यांनी एकाच वर्षी राजीनामा दिला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी त्यांना बसने शहरात डायलिसिसला नेतो. जायला तीन तास, मशीनवर चार तास, यायला तीन तास. उरलेल्या वेळात आम्ही जगतो आणि मी शाळेत गणित शिकवतो.

त्यामुळे मदतनिधीचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या घरी झाला. एक संस्था खेड्यांना डायलिसिसचं मशीन देणार होती, खोलीसकट. अट एवढीच, की तीन गावांनी मिळून मागायचं आणि जागा एकमताने ठरवायची. अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत.

शुक्रवारी दुपारी शाळेत बैठक बसली. आमच्या खालच्या गावाचा गिरणीवाला, वरच्या गावाचा दूधवाला, पलीकडच्या गावाचे निवृत्त पोस्टमास्तर. अर्ज भरायला मी आणि सल्ल्याला तिन्ही गावांना मिळून असलेल्या एकुलत्या एक नर्सबाई.

"मशीन आमच्याकडे," गिरणीवाला म्हणाला. "पेशंट आमचा आहे."

"पेशंट काय, आम्हीही तयार करू," दूधवाला म्हणाला.

पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे येणार नसेल तर माझी सही नाही. मी पेनच आणलेलं नाही."

साडेचार वाजले. नर्सबाई पाण्याबद्दल काहीतरी सांगू बघत होत्या, पण त्यांना मत नव्हतं, त्यामुळे कोणाला कान नव्हते. शेवटी वैतागून मी भिंतीवरचा नकाशा उतरवला, तिन्ही गावं रेघांनी जोडली, कर्कटक फिरवलं आणि मधोमध टिंब दिलं.

"इथे ठेवा," म्हटलं. "तिघांनाही सारखंच लांब. मिलिमीटरचा फरक निघाला तर माझा पगार कापा."

मी गंमत केली होती.

तिघं नकाशावर वाकले. दूधवाल्याने पट्टी मागवून मोजून पाहिलं. मग म्हणाला, "पोरगं हुशार आहे." पोस्टमास्तरांनी गिरणीवाल्याचं पेन मागितलं. तीन गावांच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं, तेही पाचाला सहा मिनिटं कमी असताना. अहो, तो खडकाळ माळ आहे, तिथे सरडेसुद्धा नाइलाजाने राहतात, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग घड्याळाकडे पाहिलं, बाबा आठवले, आणि तोंड मिटून ते टिंब आणखी गडद केलं.

सात महिन्यांत माळावर खोली उभी राहिली. मशीन आलं. तिन्ही गावांनी दाराला आपापलं कुलूप लावलं. मग नर्सबाईंना एकदाचं बोलता आलं. एका पेशंटला एका वेळी दीडशे लिटर शुद्ध पाणी लागतं. शिवाय वीज. माळावर दोन्ही नाही. पाइप कुठल्या गावातून आणायचा यावर आता दर महिन्याला बैठक होते. पाइपला समान अंतरावरून निघता येत नाही, त्यामुळे माझी भूमिती तिथे चालत नाही.

टिंब कोणी दिलं हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. ते गिरणीवाल्याने सांगितलं, कौतुकाने.

शहराची बस त्याच माळावरून जाते. परवा मंगळवारी परत येताना बाबांना मळमळायला लागलं. ड्रायव्हरला विनवून बस थांबवली आणि त्यांना खोलीच्या पायरीवर, सावलीत बसवलं. खिडकीतून आतलं मशीन दिसत होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"आत जरा आडवं होता येईल का?" बाबांनी विचारलं.

"माझ्याकडे एकच किल्ली आहे. कुलपं तीन."

"बरोबर." त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. "जागा मात्र अचूक काढलीस, मास्तर. एकाही गावाचं कुत्रं ऐकू येत नाही."

मला हसायला हवं होतं. घरात विनोदाचं खातं माझ्याकडे आहे.

"गुरुवारी शहर नको," ते म्हणाले. "बस आता सोसत नाही. गुरुवारी मला इथेच आणून बसव."

"मशीन बंद आहे, बाबा."

"माहीत आहे."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हात पुढे केला. बाबांनी तो धरला, पण उठले नाहीत.