टोळीच्या किल्ल्यांचा फळा

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या हॉटेलात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. काउंटरवर मी बसते, धाकटा भाऊ मागच्या खोलीत संगणकापुढे बसतो, आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, जिन्याखालच्या खोलीत राहतात. हॉटेल त्यांनीच उभं केलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा न्याहाळतात.

त्या दिवशी सकाळी मी चहा द्यायला गेले, तर म्हणाले, "टोळी कधी येतेय गं?"

"येईल की."

"व्हॉल्व्हकाकाला खिडकीजवळची खोली लागते हं. नाहीतर रात्रभर कुरकुरेल."

"ठाऊक आहे हो अण्णा."

म्हटलं खरं. पण टोळीचं बुकिंग आलेलंच नव्हतं. अण्णांच्या वर्षात वाट बघण्यासारखं तेवढंच एक उरलं होतं. त्यांचे बाकीचे दोस्त एकेक करून गेले, आणि आई गेल्यापासून तर ते कामापुरतंच बोलायचे.

टोळी म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची जुनी संघटना. सुट्ट्या संपून शाळा उघडल्या की आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. नेमक्या त्या मेल्या आठवड्यात हे लोक यायचे, सगळं हॉटेल भरून टाकायचे. जेवणाच्या टेबलांवर वर्तमानपत्रं पसरायची, बश्यांमध्ये स्क्रू, आणि वरपासून खालपर्यंत तापलेल्या सोल्डरचा वास. अजून कुठे तो वास आला की मी परकर-पोलक्यातली होते.

अण्णांचा मोठा रेडिओ ठणठणीत होता, तरी दरवर्षी त्याचं पोट फाडलं जायचं. आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अहो, चालतोय ना तो? मग कशाला छळताय बिचाऱ्याला?" एका वर्षी रेडिओ पुन्हा जोडून झाला आणि बशीत एक स्क्रू उरला. सगळ्यांनी शपथा घेतल्या की तो आपला नाही. रेडिओ मात्र आधीपेक्षा खणखणीत वाजायला लागला! अण्णा असे हसले होते की वरच्या मजल्यावरचा पाहुणा काय झालं म्हणून खाली आला.

काउंटरमागे तेव्हा किल्ल्यांचे दोन फळे असायचे. मोठा सुट्या पाहुण्यांचा, छोटा टोळीचा. खोली गेली की तिची दुसरी किल्ली ज्याच्या त्याच्या फळ्यावर लागायची. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा दर ठरवताना अण्णा फक्त मोठ्या फळ्याकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, इतक्या खोल्या गेल्यात, भाव वाढवा की!"

"अगं वेडाबाई, ही माणसं एकत्र आलीत, एकत्र जातील. गावात गर्दी कुठाय? ती गेली की आपण माश्या मारत बसणार."

ऐन सुट्टीत एखादी सहल आली तर मात्र त्यांचा हिशोब वेगळा असायचा. तिच्यापायी कुठल्या सुट्या पाहुण्यांना परत पाठवावं लागेल ते आधी बघायचे, मग सहलीला दर सांगायचे. पण टोळी यायची तेव्हा परत पाठवायला असायचंच कोण?

तर, टोळीचं सगळं ठरवणाऱ्या व्हॉल्व्हकाकांना मी फोन लावला.

"अगं, मुलीनं तुमचा दर बघितला संगणकावर," ते म्हणाले. "दुप्पट झालाय. म्हटलं, वा, जोरात चाललंय पोरांचं! पण आम्हाला काही तो झेपायचा नाही. यंदा राहू दे असं ठरवलं सगळ्यांनी."

"मग मला का नाही फोन केलात?"

"तुला कशाला भिडेत घालायचं? तुम्हाला आता आमची गरज नाही, हे चांगलंच आहे की."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला. फोन ठेवला आणि तरातरा मागच्या खोलीत गेले.

"बाहेर बघ! रस्त्यावर कुत्रं तरी दिसतंय का? आणि दुप्पट दर? लाज कशी वाटत नाही?"

धाकटा दचकला. "ताई, मी कुठे लावला? संगणकातलं यंत्र लावतं, जुन्या नोंदी बघून. दरवर्षी या आठवड्यात आपण गच्च भरतो, असं दिसतंय त्याला."

"अरे शहाण्या, ते टोळीनं भरतो!"

"टोळी? दाखव ना मला कुठाय ती."

मी पडद्यात डोकं घातलं. अण्णांच्या वह्यांतल्या जुन्या सगळ्या नोंदी धाकट्यानंच मोठ्या हौसेनं एकेक करून भरल्या होत्या. आणि तिथे टोळी नव्हतीच. होती नुसती नावं, सुटी सुटी. कारण अण्णांनी आयुष्यात कधी 'संघटना' असं लिहिलं नाही. त्यांना ते अपमानाचं वाटायचं. पाहुणा आला की त्याचं नाव लिहायचं, मग तो एकटा येवो नाहीतर वरात घेऊन. टोळी फक्त त्या छोट्या फळ्यावर होती. भिंत रंगवताना तो फळा आम्ही काढला, तो काढलाच.

यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? त्याला वाटलं, एकमेकांना न ओळखणारी इतकी माणसं दरवर्षी याच आठवड्यात इथं तडफडत येतात, म्हणजे मागणी आहे. त्यानं दर चढवला. टोळीच्या येण्यानंच टोळीचं दार बंद झालं होतं.

धाकट्यानं कपाळावर हात मारला. "ताई, इथे ग्रुपची खूण करायची सोय आहे गं. खूण केली की यंत्र ती नावं मागणीत धरत नाही. मी केलीच नाही."

शिव्या माझ्या जिभेवर तयार होत्या. पण त्याचा चेहरा इतका पडला की गिळल्या. याला पहिला रेडिओ व्हॉल्व्हकाकांनीच करून दिला होता. तो उशाशी घेतल्याशिवाय हा झोपत नसे.

"चल, कर आता," मी म्हटलं आणि शेजारी खुर्ची ओढली.

तो एकेक नाव वाचत गेला. "हे?"

"टोळी."

"हे?"

"टोळी. भिंती हलतील असा घोरायचा."

"हे?"

"टोळी. आईच्या हातचा चहा मागून मागून प्यायचा. गेला रे तो."

असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. एकेका खुणेबरोबर दर खाली येत गेला, आणि आम्ही दोघं कधी हसत होतो, कधी गेलेल्यांना आठवत होतो. शेवटी तो आठवडा यंत्रालाही तसाच दिसला जसा खिडकीतून दिसत होता. ओस.

मी पुन्हा फोन लावला. "काका, जुना दर. आणि नाही आलात तर माझ्याशी गाठ आहे!"

पलीकडे ते पुटपुटत नावं मोजू लागले. मग म्हणाले, "नऊच उरलोय गं आम्ही."

"नऊ तर नऊ."

धाकट्यानं फळा कपडे धुण्याच्या खोलीतून शोधून आणला. धोबीणबाईंनी त्यावर चिमट्यांच्या पिशव्या टांगल्या होत्या. तो त्यानं पुसून जुन्या जागी ठोकला.

टोळी आली. काठ्या, खोकले, मफलर आणि तीच ती हत्यारांची पेटी. व्हॉल्व्हकाकांनी अण्णांना मिठी मारली. मी फळ्यावर नऊ किल्ल्या लावल्या.

तेवढ्यात धाकटा माझ्या कानाशी लागला. "ताई, दहा खोल्यांच्या आत यंत्र ग्रुप धरतच नाही, सुटे पाहुणे समजून दर चढवेल. थांब, मी दर हातानं घालतो."

अण्णांना हाक मारलेली ऐकू येत नाही, पण कुजबुज बरोबर ऐकू येते. व्हॉल्व्हकाकांच्या खांद्याचा आधार घेत ते खुर्चीतून उठले. काउंटरपाशी आले. खिशातून स्वतःच्या खोलीची किल्ली काढली आणि दहाव्या खिळ्यावर अडकवली.

"झाले दहा."

"अण्णा, ती खोली कुठे आपण भाड्यानं देतो?" धाकटा म्हणाला.

"या आठवड्यात मी मालक नाही. टोळीत आहे. लिही माझं नाव."

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. लिही म्हणून मी मान हलवली. त्यानं नऊ नावांखाली वडिलांचं नाव लिहिलं.

"काय रे पाहुण्या," व्हॉल्व्हकाका अण्णांना म्हणाले, "तो चालता रेडिओ कुठे लपवलायस?"

आणि अण्णा हसले. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं, अगदी तेव्हासारखं. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलंच नव्हतं.