पॅसेजच्या मधोमध

सोमवारी सकाळी हृदयविभाग आणि अस्थिविभाग यांच्यातला पॅसेज पावणेदोन किलोमीटरचा झाला. डॉ. किणीकर आणि डॉ. बाबर पार्किंगच्या जागेवरून एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हापासून तो रोज वाढत होता.

सिस्टर शेवंता गावित यांनी पाण्याची बाटली घेतली आणि टिपणीस गुरुजींची ट्रॉली ढकलायला सुरुवात केली. गुरुजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडांचे डॉक्टर बाबर म्हणत, आधी हृदय तपासून आणा. हृदयाच्या किणीकरांपर्यंत पोचेतो रिपोर्ट शिळे होत, मग ते पुन्हा रक्त काढायला लावत. परत आल्यावर बाबर नवा एक्स-रे काढत. आठवड्यात चारदा रक्त काढून झालं. हाड मोडलेलंच होतं.

"सिस्टर, माझं रक्त उरलंय ना?" गुरुजींनी विचारलं.

"उरलंय. जपून वापरा."

पण गुरुजींचे ओठ पांढरे पडत चालले होते. सिस्टरांनी मधोमध ट्रॉलीला ब्रेक लावला आणि दोन्ही डॉक्टरांना फोन केला.

"तुमचा पेशंट पॅसेजमध्ये आहे, सर. मी पुढे येणार नाही आणि मागेही जाणार नाही."

नोकरी जाईल असं त्यांना वाटलं. अर्ध्या तासाने दोन्हीकडून दोघे धापा टाकत आले.

बाबर भिंतीकडे बघत म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी तुम्ही बंद केलीच असेल."

"मला वाटलं, तुम्ही केलीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फरशी सरकली आणि पॅसेज एकदम अर्धा झाला.

"गोळी आज बंद करू. शनिवारी ऑपरेशनला मी तुमच्याबरोबर उभा राहतो," किणीकर म्हणाले.

"राहाल?" बाबरांनी विचारलं. दोन्ही विभागांची दारं दिसू लागली.

ऑपरेशन शनिवारी नीट पार पडलं. रक्त एकदाच काढलं, एक्स-रे एकच. सोमवारी गुरुजी वॉकर घेऊन चालले.

डॉक्टर मात्र बोलायचे थांबेनात. औषधांवर झालं, मग कॉलेजच्या मेसवर, मग मुलींच्या लग्नांवर. मंगळवारी पॅसेज चार पावलांचा झाला, बुधवारी दोन.

"सर, आता पुरे," सिस्टर म्हणाल्या.

"एकच मिनिट, सिस्टर," दोघे एकदम म्हणाले.

सिस्टर गावित आडव्या उभ्या राहिल्या, एक हात हृदयाच्या दारावर, एक हाडांच्या दारावर, आणि त्यांचे कोपर हळूहळू वाकू लागले.